दत्ताची पावलं आणि युनूसभाईंची शिट्टी

भवानीनगरच्या आमच्या कोर्टवर बास्केट कमी आणि भांडणं जास्त होतात, हे मी बारामतीपासून इंदापूरपर्यंत कुणालाही छातीठोक सांगेन. प्रत्येक भांडणाचा एक किस्सा होतो, आणि वीस वर्षांत ते इतके साठलेत की एक सांगायला घेतला की मागून दुसरा रांग मोडून पुढं घुसतो! मी स्वतः टीममध्ये होतो, पण कायम बाकावर. त्यामुळं खेळणं थोडं आणि बघणं भरपूर झालं.

सगळ्या भांडणांचं मूळ एकच, ट्रॅव्हलिंग. बॉल हातात धरला की दोन पावलं माफ, तिसरं पडलं की शिट्टी. शाळेतल्या पोरालाही कळेल असा नियम. पण आमच्यात कळलेला माणूस अजून निघायचाय!

*

सुरुवात झाली ती वीस वर्षांपूर्वी, याच कोर्टवरच्या बारामती-इंदापूर फायनलला. शेवटचे काही सेकंद, आम्ही इंदापूरवाले एका पॉइंटनं मागं. बावड्याचा दत्ता, सहा फूट दोन इंच, बॉल घेऊन वाऱ्यासारखा सुटला. उडी मारली. बॉल जाळीत! आम्ही बाकावरून उड्या मारल्या, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

रेफरी होते युनूसभाई. दोन्ही मुठी एकमेकींभोवती गरागरा फिरवत म्हणाले, "ट्रॅव्हल! तीन पावलं!"

"दोन!" दत्ता ओरडला.

तेव्हा कोर्ट मातीचं होतं. मॅचच्या आधी पाणी मारायचे, त्यामुळं पावलं स्पष्ट उमटायची. म्हणजे पुरावा तिथंच पडला होता! पण तोवर दोन्हीकडची पब्लिक मैदानात घुसली होती. वाकून बघतोय तर तिथं अख्ख्या तालुक्याची पावलं!

मग साक्षीदार म्हणून लोकांनी मला पुढं ढकललं. "तू बाकावर हुतास. तुला काय दिसलं?"

मी खरं ते सांगितलं. "मधी पोल आला."

आम्ही हरलो. त्याच संध्याकाळी कुणीतरी दत्ताचं नाव 'वामन' ठेवलं, आणि ते असं चिकटलं की सहा फूट दोन इंचाच्या माणसाला गावोगावी लोक वामन म्हणून हाक मारू लागले.

*

एवढं होऊनही दत्ता बूट घ्यायला जायचा युनूसभाईंच्याच दुकानात. त्यांचं चपला-बुटांचं दुकान आमचा अड्डा होता, आजही आहे. एकदा दिवाळीच्या आधी दत्तानं गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारलं, "युनूसभाई, माझ्या मापाचा जोड हाय का?"

युनूसभाईंनी शिडीवरूनच सांगितलं, "हाय की. पर आमच्याकडं दोन-दोनचाच जोड येतो. तीनचा ऑर्डर द्यावा लागंल!"

दत्ता तणतणत बाहेर गेला. दहा मिनिटांनी परत आला, तोच जोड घेतला आणि वर चहा पिऊन गेला.

*

फायनलच्या घोळानंतर आम्ही एक तज्ज्ञ नेमला, बिरातात्या. तात्यांच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन लांबलांब फिरायची. आता तात्यांची शेती आहे, आणि संध्याकाळी कोर्टला पाणी मारायचं काम त्यांनी हौसेनं अंगावर घेतलेलं. ओल्या मातीतली पावलं वाचावीत तर तात्यांनीच!

एकदा ट्रॅव्हलवरून दोन पोरं हमरीतुमरीवर आली. तात्या गुडघ्यावर हात ठेवून वाकले, बराच वेळ बघत राहिले.

"पावलं दोनच हायेत," तात्या म्हणाले. "पर डाव्या बुटाचा तळवा फाटलाय."

पोरानं पाय उचलून बघितलं. खरंच फाटला होता! युनूसभाईंनी शिट्टी खिशात ठेवली आणि म्हणाले, "मॅच संपली की दुकानात ये."

*

मग आला मोबाइल. अमेरिकेतल्या प्रोफेशनल लीगच्या मॅचेस आपल्याकडं सकाळी लाइव्ह दिसतात. बुटाच्या खोक्याला मोबाइल टेकवून आम्ही बघत बसतो. पहिल्याच दिवशी एका खेळाडूनं बॉल धरला आणि तो जाळीकडं झेपावला. तात्या बाकड्यावरून उठलेच!

"आरं, तीन टाकली की! शिट्टी कुठं हाय?"

शिट्टी वाजलीच नाही. उलट पब्लिक नाचत होती! युनूसभाईंनी तेवढाच भाग सात वेळा मागं नेऊन बघितला आणि कपाळाला हात लावला. "हा रेफरी हितं असता, तर इंदापूरला जिवंत पोचला नसता!"

दत्ता मात्र घरी गेला, रात्रभर व्हिडिओ बघितले, आणि सकाळी लाल डोळ्यांनी दुकानात हजर. "गॅदर स्टेप!" त्यानं जाहीर केलं. "पळता पळता बॉल हातात गोळा करताना जे पाऊल जमिनीवर असतं, ते मोजायचंच न्हाय! त्याच्यापुढं दोन. म्हंजे तीन पावलं पडली तरी चालत्यात! आता आपल्याकडं बी हाच नियम हाय!"

युनूसभाईंनी चहाचा ग्लास शांतपणे खाली ठेवला.

"म्हंजे तीन हुती."

वीस वर्षं 'दोन, दोन' म्हणणारा माणूस एका वाक्यात तीनवर आला होता! तात्या हसून हसून बाकड्यावरून घसरले.

*

पुढचा किस्सा लोणी भापकरच्या लग्नातला, माझ्या पुतण्याच्या. आमची सगळी गँग पहिल्या रांगेत. सप्तपदी सुरू झाली. नवरा-नवरी पाऊल टाकतायत, भटजी मंत्र म्हणतायत, सगळं कसं छान चाललेलं. आणि युनूसभाईंच्या तोंडून सवयीनं मोठ्यांदा निघालं, "आठ झाली!"

युनूसभाईंनी जीभ चावली. माझ्या वहिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी खुर्चीतच लहान झालो.

भटजी मात्र शांत होते. म्हणाले, "अहो, जागेवरून निघताना टाकलेलं पहिलं पाऊल मोजायचं नसतं."

दत्ता ताडकन उभा राहिला. "बघा! बघा! भटजीबुवा बी गॅदर देत्यात!"

*

हसण्यावारी चाललेलं हे प्रकरण एकदा मात्र सगळ्यांच्या घशात अडकलं. दत्ताची पोरगी आर्या आता इंदापूरच्या टीममधून खेळते, आणि बापापेक्षा जोरात पळते! बारामतीच्या एका मॅचमध्ये समोरच्या टीमच्या पोरींनी तिला 'वामनाची पोरगी' म्हणून चिडवलं. प्रत्येक वेळी तिच्या हातात बॉल आला की 'एक, दोन, तीन' असा ओरडा. ती रडली नाही. सरळ दुकानात आली. दत्ताही तिथंच बसलेला.

"काका, खरं सांगा. पप्पांनी ट्रॅव्हल केलं हुतं?"

युनूसभाई एका बुटाला नाडी ओवत होते. हात थांबला. "मला तीन दिसली, बाळा. तवा आपल्याकडं गॅदर न्हवतं. जे दिसलं, त्याची शिट्टी मारली."

"आणि आजचा नियम लावला तर?"

"तर बास्केट हाय. पर त्या दिवशी बॉल नेमका कुठल्या पावलाला हातात आला, ते मी आज कुठनं सांगू?"

दत्ता चहा न पिताच उठला. पंधरा दिवस तो दुकानाकडं फिरकला नाही. युनूसभाई रोज त्याच्या नावाचा चहा सांगायचे आणि मग तो मलाच प्यावा लागायचा. मला खरंच वाईट वाटायचं. गावानं काही म्हटलं तर दत्तानं ते हसून सोडलं असतं, पण पोरीच्या डोळ्यांतला तो प्रश्न त्याला सोसवत नव्हता.

*

आणि मग कोर्टला सिमेंट मंजूर झालं. सगळे खूश, तात्या सोडून. "आता पावलं उमटायची न्हाईत," ते म्हणत राहिले.

शेवटचा पट्टा राहिला होता, बास्केटखालचा. गवंड्यानं नुकतीच थापी फिरवून तो आरशासारखा केलेला. आम्ही कडेला उभे राहून कौतुक करतोय, तेवढ्यात दत्ता आला. पंधरा दिवसांनी! गुडघ्याला नी-कॅप, हातात बॉल, मागं आर्या.

"युनूसभाई," तो म्हणाला, "तीच चाल, तीच जागा. ओल्या सिमेंटात करून दावतो. आजच्या नियमानं तीन पावलं. कायमचा पुरावा ऱ्हाऊ द्या!"

"ओ दादा, आत्ताच थापी फिरवलीय!" गवंडी ओरडला.

पण दत्ता सुटला होता! वाळलेल्या सिमेंटवरून ड्रिबल, पट्ट्याच्या कडेला बॉल दोन्ही हातांत, मग चिखलात पाय टाकल्यासारखे आवाज, आणि उडी! बॉल बोर्डला लागून जाळीत. दत्ता पलीकडच्या मातीत जाऊन आदळला. आम्ही सगळे बेभान ओरडलो. गवंडीसुद्धा ओरडला!

मग तात्या वाकले. "एक... दोन... तीन..."

आणि थांबले.

चार होती. खोल, स्वच्छ, बुटाच्या नक्षीसकट. दत्ता गुडघा धरून लंगडत आला, त्यानं बघितलं आणि मान खाली घातली. आर्या कधी पावलांकडं बघत होती, कधी बापाकडं.

युनूसभाईंनी गवंड्याच्या हातातून थापी घेतली. कडेला मांडी घालून बसले. अगदी कडेचं, पहिलं पाऊल त्यांनी हळूहळू सारवून सपाट केलं. दोनदा थापी फिरवली, कड साफ केली, आणि उठून हात झटकले.

"मोज, बाळा."

"तीन," आर्या म्हणाली.

युनूसभाईंनी खिशातून शिट्टी काढली, जोरात वाजवली, आणि वीस वर्षांपूर्वी जिथं उभे होते त्याच जागी जाऊन दोन पॉइंटची दोन बोटं वर करून मनगटातून खाली सोडली. बास्केट!