उलट हात, पोरी

जुनी गाडी बघायला आमच्या बाजूच्या माहीमला गेले तेव्हा ती वाडीत, खायच्या पानांच्या टोपल्यांशेजारी उभी होती. मी पायाखालची चटई उचलली, तर खाली सरळ जमीन दिसली. खाऱ्या हवेनं तळाला हे एवढं भोक पाडलेलं. वाडीवाला म्हणाला, "ताई, इंजिन पोलाद हाय." म्हटलं, इंजिन पोलाद आणि बाकीची गाडी काय, पापड? तो हसला, आणि हसता हसता किंमत आणखी खाली आली. भोकावर पत्रा मारून द्यायचं कबूल करून घेतलं आणि घेऊन टाकली.

मला गाडीची हौस कसली! बाबा गेले ते आमच्या घिवलीहून बोईसरला दवाखान्यात नेताना, रिक्षातच. कारखान्यांचा नाका, पाळी सुटायची वेळ. पुढे बस, मागे बस, मध्ये आमची रिक्षा, आणि माझ्या मांडीवर त्यांचं डोकं. रिक्षावाला बिचारा हॉर्न वाजवत राहिला. आता आईला डायलिसिससाठी त्याच रस्त्यानं न्यायचं होतं. त्या नाक्यावर रिक्षा थांबली की ती डोळे मिटायची आणि माझं मनगट घट्ट धरायची. एकदा घरी आल्यावर म्हणाली, "मी नाय जाणार आता. हितंच मरंन." मी ठरवलं, बास झालं, हिला मीच नेणार.

याच गाडीवर मला शिकवणारा उत्तरेकडचा, तोंडात सदा मावा. "मॅडम, क्लच छोड़ो, फेंको मत!" एवढंच दिवसभर. गाडी उडी मारून बंद पडायची, मागचे शिव्या द्यायचे, मीही द्यायचे. ते सगळं अपेक्षितच होतं. पण एकदा समोर एक सायकलवाला उजवीकडून आडवा आला. मला डावीकडे व्हायचं होतं, आणि माझ्या हातांनी स्टिअरिंग गरकन उजवीकडे फिरवलं. शिकवणाऱ्यानं झडप घालून ते धरलं. सायकलवाला वाचला. "उल्टा क्यों घुमाती हो? मरना है क्या?"

कारण कानाशी अगदी स्पष्ट ऐकू आलं होतं, "उलट हात, पोरी."

बाबा होडीवाले. मुलगा नव्हता, म्हणून मलाच होडीत मागे बसवून सुकाणूची दांडी हातात द्यायचे. गाव हसायचं, पोरीला होडीचा तांडेल करतोय म्हणून. दांडी उजवीकडे ढकलली की होडी डावीकडे वळते. जिथं जायचं, हात त्याच्या उलट. माझ्या हातावर स्वतःचा हात ठेवून ते सांगायचे, "भ्यायलीस का डोकं नाय चालत, हात चालतो. म्हणून हाताला शिकव." हात शिकला. इतका शिकला की त्याला आता दुसरं काही शिकवता येईना.

ते गेल्यापासून बाबांचा आवाज मी ऐकलाच नव्हता. फोनवरसुद्धा कधी बोलायचे नाहीत, "हां, दे आयशीला" म्हणून फोन आईकडे. कुठे साठवलेला असणार तो आवाज? आणि आता या भोकाच्या गाडीत तो आला होता. पण फक्त मी घाबरले की यायचा. खरं सांगते, मला घाबरायची ओढ लागली. मुद्दाम अरुंद रस्त्याला गाडी घालायचे. शिकवणारा कपाळ बडवून घ्यायचा.

आईला सांगितलं. ती बोंबील निवडत होती, हात तिथंच थांबला. "काय बोलला?" मी सांगितलं. तिनं तोंडाला पदर लावला. "माज्याशी तर कदी बोलला नाय." निवडलेलाच बोंबील परत निवडला. मग म्हणाली, "तुज्या गाडीत बसून जाईन मी. डागतराकडं."

लायसन्स मिळालं. पहिल्याच दिवशी मी पुढचं दार उघडून धरलं, तर बाई मागं जाऊन बसली, माझ्या सीटच्या मागे. म्हटलं, आये, मी काय तुझा ड्रायव्हर? "पुढं तुजा बापूस बसल," ती म्हणाली.

नाक्यावर नेमकी पाळी सुटलेली. एका बसला मागे टाकत समोरून टँकर सरळ माझ्या अंगावर आला. आणि बाबा ओरडले. इतक्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते. "उलट हात, पोरी!" हात निघालेही उजवीकडे, टँकरच्या बाजूला. आरशात आई दिसली, डोळे सताड उघडे. या खेपेला तिनं ते मिटले नव्हते.

"गप बसा, बाबा!" मी किंचाळले, आणि स्टिअरिंग डावीकडे ओढलं.

गाडी रस्त्याखाली मातीत उतरली आणि बंद पडली. टँकर गेला. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला, "झालं, झालं." मी कान लावून बसले. बाबा काही बोलले नाहीत. पुन्हा कधीच बोलले नाहीत. रागावले म्हणावं तर तसे रागावणारे नव्हते. सांगितलं गप बसा, गप बसले. आता तो नाका मी सहज पार करते, क्लच लोण्यासारखा सुटतो, हात बरोबर जिकडे वळायचं तिकडेच जातात, आणि मला त्या हातांचा राग येतो.

बाबा गप्प झालेत हे आईला ठाऊक नाही. नाका मागे पडला की ती दर खेपेला विचारते, "आज काय बोलला?"

"सावकाश घे म्हणाले."

"बगितलंस? लक्ष हाय त्याचं." मग ती पुढे वाकते. "त्याला सांग, पाय लांब करून बस. माज्यापुढं नाय ना तो, शीट मागं घेतली तरी लागणार नाय मला."

मी गाडी बाजूला घेते आणि शेजारची रिकामी सीट मागे सरकवते.