गजराबाईच्या घागरीतलं पाणी

गजराबाई माझी थोरली जाऊ. ती स्वभावानं गाय, आन म्या मिरचीवानी तिखट. तिच्या पायी म्या गावाशी लई भांडले, पण ती मलाच दटावायची.

बहात्तरच्या दुष्काळात आमी दोघी बेंबळीच्या रस्त्यावर खडी फोडायला होतो. तिची तान्ही पोरगी तिथंच तापानं गेली. शेजारच्या ढिगावर वरच्या आळीच्या तात्यारावाची बायको विठाबाई खडी फोडायची. तिचं पोरगं उत्तरेश्वर भुकेनं टाहो फोडायचं, आन तिला दूधच न्हाय. इकडं गजराबाईची छाती दुधानं दाटून यायची. एक दिवस तिनं कुणाला न इचारता पोरगं पदराखाली घेतलं. काम बंद होईस्तोवर ते तिच्याच अंगावर वाढलं. विठाबाईनं हात जोडले, घरी कळलं तर मला हाकलून देतील म्हणाली. आमी बौद्ध. धर्म बदलला, गावाची नजर न्हाय बदलली. लेकरू गजराबाईच्या अंगावर प्यायचं, आन विठाबाई तहानेनं व्याकूळ झाली तरी आमच्या घागरीला शिवायची न्हाय.

पुढं गावात दूध सोसायटी निघाली, तात्याराव चेअरमन झाला. गजराबाईचा नवरा वारला होता, एका म्हशीवर तिची चूल. पहिल्याच सकाळी ती किटली घेऊन गेली, तर तात्याराव म्हणाला, तुमचं दूध कॅनात वतलं तर समदं इटाळंल, बाकीचे लोक दूध घालायचे न्हाईत. विठाबाई तिथंच उभी होती. ती खाली बघत राहिली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणलं, आत्ताच्या आत्ता चावडीवर जाऊन सांगते, चेअरमनचं पोरगं कुणाच्या दुधावर जगलं ते. गजराबाईनं माझा दंड धरला.

"लेकराला पाजलेलं काढून दाखवायचं व्हय गं, नागू? त्याच्या आईचं घर मोडंल."

मग ती रोज पायी बेंबळीला जाऊन हाटेलात दूध घालायला लागली. वाटंत उत्तरेश्वर साळंला जाताना दिसला की थांबून त्याच्याकडं बघायची आन तोंडभरून हसायची. पोराला काय ठावं? दोन-तीन वरसं असंच चाललं. मग एका उन्हाळ्यात ऊन लागून ती त्याच रस्त्यावर पडली, ती उठलीच न्हाय.

तिला माती देऊन आमी घरी आलो, तर दारात विठाबाई. पोराचा हात धरून आलेली. घरी समदं सांगून आले म्हणाली. आमच्या आख्ख्या बौद्धवाड्यादेखत तिनं पोराला सांगितलं, गजराबाईच्या दुधावर तू जगलास.

माझ्या तोंडात शिवी आली. जिती होती तवा तुमची जीभ कुठं गेली होती, म्हणणार होते. पण गजराबाईनं माझा दंड धरल्यागत झालं, आन म्या गप बसले.

"नागूबाई, तिच्या घागरीतलं पाणी द्या," विठाबाई म्हणाली.

म्या रडत तांब्या भरला. तिनं तोंड लावून पाणी पिलं, मग पोराला पाजलं. बघायला गजराबाई न्हवती.