सिफा लावलेली टाकी

सकाळी पडवीत आले तर टाकीतले मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. सात-आठ आधीच पोट वर करून तरंगत होते. पाण्यावर तेलाचा तवंग होता. ऊन त्याच्यावर पडलं होतं आणि त्यात हिरवे-जांभळे रंग दिसत होते. ते तेल टाकीत मीच आणलं होतं. नवरा मागे विहिरीवर आंघोळ करत होता, कळशीचा आवाज येत होता. परवा त्याची तपासणी होती. रक्तदाब उतरलेला दिसला तर गाडी परत हातात मिळणार, नाही तर कायमची गेली, असं डेपोतून लेखी आलं होतं. ज्या माशांकडे बघून त्याचा दाब उतरायचा होता, ते मी मारत होते.

नवरा सरकारी बसवर ड्रायव्हर होता. मालवणातून घाटावर जाणाऱ्या गाड्या त्याच्याकडे असायच्या. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला एकदा आंबोलीच्या वळणावर त्याला चक्कर आली. त्याने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्टेअरिंगवर डोकं ठेवून बसला. कुणाला काही झालं नाही. पण कंडक्टरने डेपोत सांगितलं, आणि डेपोने याला तीन महिने घरी बसवलं.

घरी बसलेला ड्रायव्हर काय असतो ते ज्यांच्या घरात बसला त्यांनाच विचारा. सकाळपासून माझ्यामागे. चूल अशी का पेटवलीस, कोंबड्या आत का आल्या, शेजारणीशी एवढं काय बोलत होतीस. मला तो घरात नको होता. त्यालाही घर नको होतं. त्यामुळे गाडी परत मिळावी असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटत होतं, कारणं वेगळी.

मालवणातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात एक लहान काचेची टाकी होती. तिच्यात चार मासे फिरायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि वर म्हणाले, "रोज तासभर शांतपणे माशांकडे बघत बसा, दाब उतरतो." आमच्या घरापासून समुद्र दोन मिनिटांवर. मी म्हटलं, तिथे जाऊन बसा, मासेच मासे आहेत. तर म्हणे ते दिसत नाहीत.

डॉक्टरांची टाकी हातभर होती. याला पाच फुटी हवी होती. लांब गाडी चालवलेला माणूस, त्याला लहान काही चालत नाही. बाजारात खिडक्यांच्या जाळ्या करणारा होता, त्याच्याकडून लोखंडी अँगलचा सांगाडा करून घेतला. त्याच माणसाने काचा बसवल्या आणि फटींत लांबी, म्हणजे पुटी, भरली. त्याने जन्मात टाकी केली नव्हती. खिडकीची काच बसवतात तशी त्याने ती बसवली. खिडकीत पाणी भरत नाहीत, हे त्याच्या लक्षात आलं नाही, आमच्याही नाही.

पाणी भरायचं कसं हा पुढचा प्रश्न. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. कपड्यांना, अंघोळीला ठीक, पण डाळ शिजत नाही. डॉक्टरांनी सांगितलं, गोडं पाणीच हवं. गोडी विहीर वरच्या वाडीत, चढावर. आणि याला वजन उचलायला बंदी. तेव्हा टाकी त्याची, औषध त्याचं, आणि कळशा माझ्या डोक्यावर. चाळीस कळशा लागल्या. तो पडवीत खुर्ची टाकून बसला होता आणि मला सांगत होता, "हळू ओत गो, वाळू उडता."

वाळू त्याने कुडाळहून नदीची आणवली होती, तिचं एक ठीक होतं. पण शोभेला म्हणून जांभ्या दगडाचे चार तुकडे कुंपणावरून काढून आत ठेवले. तिसऱ्या दिवशी पाणी चहासारखं झालं. सगळं उपसलं. पुन्हा चाळीस कळशा.

शेजारीण बघायला आली. टाकीत मासे नव्हतेच अजून, नुसतं पाणी होतं. ती म्हणाली, "आणि सोमवारी गो? सोमवारी मासे बघलेले चलतले?"

मी म्हटलं, "तू डोळे मिटून ये."

मासे आणायला आम्ही बेळगावला गेलो. त्याचा गाडीचा पास होता. आंबोलीला गाडी थांबली तेव्हा तो उतरला नाही. पावसाची झड लागली होती, सगळे चहाला उतरले, आणि हा पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिला. मी चहा आणून दिला तर म्हणाला, "ह्येका गिअर टाकूक येणा नाय. आयकलंस मगाशी? खर्रर्र." हा ड्रायव्हर त्याच्याच हाताखाली शिकला होता.

दुकानात भिंतीला टाक्याच टाक्या. मी जन्मभर मासे घेतले, गालफड उघडून बघायचं, डोळा बघायचा, बोटाने दाबायचं. सवयीने हात टाकीत घातला.

"ओ मावशी, हात बाहेर!" दुकानदार ओरडला. "हे खायचे नाहीत."

"ता माका दिसता," मी म्हटलं. "पण जो कोपऱ्यात बसलेलो आसा तो माका नको. तो आजारी आसा."

"झोपलाय तो."

"मग झोपांदे हयच."

त्याने मुकाट्याने दुसरा काढला. मासा जिवंत असो की टोपलीतला, डोळ्यावरून कळतो, त्यात मला कुणी शिकवायला नको. मी निळे गुरामी घेतले, काळ्या मॉली घेतल्या, गप्पी घेतले. घट्ट, चपळ, शेपट्या शाबूत असलेले. दुकानदार म्हणाला, एवढ्या टाकीला आधी थोडेच न्या, पाणी मुरू दे, महिन्याने बाकीचे. ते बरोबर होतं. पण नवरा म्हणाला, "महिन्यान माझी तपासणी आसा, मगे काय पाणी बघू?" आणि त्याने पंखासारखे एंजल घेतले, वर पट्ट्यापट्ट्यांचे सहा उचलले. दुकानदार म्हणाला, हे पट्टेवाले खोडकर, दुसऱ्यांच्या शेपट्या तोडतात. हा म्हणाला, "तोडूदेत, जरा गंमत."

परतीला तीस मासे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून मांडीवर. घाटात प्रत्येक वळणाला पिशव्या उजवीकडे, मग डावीकडे. मागच्या बाकावरचा एक म्हातारा विचारतो, "काकी, बेळगावसून मालवणाक मासे? काय दर्यो आटलो काय?" सगळी गाडी हसली. नवरा सोडून.

मासे टाकीत सोडले आणि चौथ्या दिवशी टाकी गळायला लागली. खालच्या कोपऱ्यातून थेंब थेंब, मग धार. मासे उचलून न्हाणीतल्या सिमेंटच्या हौदात टाकले. जाळीवाल्याने येऊन लांबी भरली. पुन्हा चाळीस कळशा. आठ दिवसांनी दुसरा कोपरा. पुन्हा लांबी, पुन्हा कळशा. माझी मान वळेनाशी झाली. आणि टाकी भरलेली असायची तेव्हाही शांतता कुठली! पट्टेवाले एंजलांच्या शेपट्या तोडत, आणि नवरा पुढे बसून त्यांच्यावर ओरडे. "ए मेल्या, साइड दी त्येका! खंय घुसतंस?" हात गुडघ्यावर आपटायचा, तोंड लाल व्हायचं. डॉक्टरांनी दाब मोजला तर पहिल्यापेक्षा जास्त. डॉक्टर म्हणाले, मासे बघता ना रोज? हा म्हणाला, दिवसभर बघतो.

तपासणीला आठवडा राहिला आणि टाकी तिसऱ्यांदा गळली. यावेळी तो ओरडला नाही. खुर्चीत बसून जमिनीवरचं पाणी बघत राहिला आणि म्हणाला, "गाडी गेली गो माझी." मला त्याचं ओरडणं सोसतं, हे नाही सोसलं. त्याच दिवशी त्याच्या बहिणीकडून निरोप आला, वालावलीला देवळात कार्य आहे, दोन दिवस या. मी म्हटलं जावा, मी बघतंय टाकीचा.

माझा मोठा भाऊ होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकायचा, वर राळ आणि सिफा भरायचा. सिफा म्हणजे माशाचं तेल. होडीला तेच चोपडतात, त्याशिवाय लाकूड टिकत नाही. त्याच्या होड्या तीस-तीस वर्षं दर्यात होत्या आणि थेंब आत यायचा नाही. मी त्याला जाऊन म्हटलं, "दादा, टाकी बुजवून दी."

तो हसायला लागला. "बाये, मी आयुष्यभर पाणी भायर ठेवलंय. आत ठेवूक कोण सांगूक नाय माका अजून."

"फट ती फट. तुका काय करूचा आसा आत की भायर?"

"भावोजींका इचारलंस?"

"तेंका इचारून काय? तेंचो जीव चललो हा."

तो आला. जाळीवाल्याची लांबी खरवडून काढली आणि कापूस, राळ, सिफा असं चारी कोपऱ्यांत आतून बोटाने दाबून भरलं. काम नेहमीसारखं चोख. जाताना म्हणाला, "आठ दिस उन्हात सुकूक होई. त्याआधी पाणी घालू नको."

आठ दिवस कुठले! नवरा दुसऱ्या संध्याकाळी येणार होता. मी एक दिवस वाळवलं. हात लावून बघितला, चिकटला नाही, म्हणजे वाळलं असं मी ठरवलं. चाळीस कळशा ओतल्या आणि मासे हौदातून काढून टाकीत सोडले. खाली जमीन कोरडी. तासाने बघितलं, कोरडी. मला इतकं बरं वाटलं की मी दुपारी झोपले.

नवरा संध्याकाळी आला. टाकीच्या खाली हात फिरवला, हात बघितला. "वास कसलो येता?" म्हणाला. मी म्हटलं, "दादा येवन गेलो." भावाच्या अंगाला तो वास कायमच असायचा, त्यामुळे पटलं. मग तो खुर्चीत बसला. पट्टेवालेसुद्धा त्या दिवशी गप्प होते. ते का गप्प होते ते मला कळायला हवं होतं, पण माझं लक्ष माशांकडे नव्हतं. तो तासभर काही न बोलता बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा. डॉक्टर म्हणाले होते तसा.

आणि सकाळी हे.

मी आधी तवंग काढायला बघितलं. जुनी वर्तमानपत्रं पाण्यावर पसरायची आणि उचलायची. कागद तेल ओढून घेतो, पण खालून आणखी येत होतं. चौथा कागद उचलला आणि मागून आवाज आला.

"काय करतंस गो?"

ओल्या पंच्यात उभा होता. मी म्हटलं, "सिफा लावून घेतललंय कोपऱ्याक. सुकाक नाय. तेल सुटला. मासे मरतत." सांगून टाकलं. लपवायला वेळच नव्हता.

मला वाटलं आता हा पडणार इथेच. त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती.

"हौद भरलेलो आसा?" त्याने विचारलं.

"अर्धो. मचूळ पाणी आसा."

"आसांदे." आणि त्याने दोन्ही हात टाकीत घातले.

मी म्हटलं, "तुमी बसा मरे! डॉक्टरान काय सांगल्यान तुमका?"

"बसान मासे जगतले? बादली हाड!"

मी बादल्या आणल्या. तो हातानेच मासे धरत होता, तेलाने ते सटकत होते. भरलेल्या बादल्या त्यानेच पळत न्हाणीत नेल्या. मी ओढत होते तर कोपराने मला बाजूला केलं. एक शिवी दिली नाही. एक एंजल त्याच्या ओंजळीत मेला, तो त्याने खाली टाकला आणि पुढचा धरला. सगळं झालं तेव्हा तो हौदाच्या कडेवर बसला, घामाने भिजलेला, आणि माशांकडे बघत राहिला. मी त्याच्या पाठीवर पाणी मारलं. मग मी मेलेले उचलले आणि माडाच्या मुळात पुरले.

दोन दिवसांनी तो तपासणीला गेला. दाब उतरला नव्हता. बादल्यांमुळे वाढला की तसाच होता ते कुणी सांगितलं नाही. गाडी गेली. त्याला डेपोत गाड्या धुवून घेण्याच्या कामावर ठेवलं. निवृत्त होईपर्यंत तो दुसऱ्यांच्या गाड्या आत येताना आणि बाहेर जाताना बघत उभा राहिला. घरी भांडण झालं की म्हणायचा, "तुझ्या सिफान माझी गाडी नेल्यान." मी म्हणायची, "तुमच्या टाकीन माझी मान नेल्यान." दोन्ही खरं असावं.

तीस मासे आणले होते. एंजल सगळे गेले, पट्टेवाले गेले, गप्पी गेले. निळे गुरामी चार आणि एक काळी मॉली हौदात जगली. नवरा त्यानंतर चौदा वर्षं जगला. मी अजून आहे.