बंडप्पाचं उलटं भाकीत

नळदुर्गात हायवेला लागून, ढाब्यांची रांग संपते तिथं बंडप्पाचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची, बोअरमधली, पिठाच्या गिरणीची, कुठलीही जळालेली मोटार आणून टाका, चौथ्या दिवशी ती चालू होऊन जाते. तांब्याची तार बोटांनी खाचेत बसवत, तोंडानं वेढे मोजत हा माणूस सहा-सहा तास एका पाटावर बसतो. समोरचा चहा गार होतो, तरी त्याचं लक्ष नसतं. पण खो-खोची मॅच सुरू झाली की ह्याच माणसाला दोन मिनिटं एका जागी उभं राहता येत नाही. मंडपाच्या मागं फेऱ्या मारतो, चपलेनं माती उकरतो, मैदानाकडं पाठ करून उभा राहतो आणि ओळख ना पाळख अशा माणसांना विचारत सुटतो, "काय झालं? कोण गेलं?" चाळीस वर्षं खो-खो बघतोय असं सांगतो. मला विचाराल तर चाळीस वर्षं नुसता ऐकतोय.

मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या खो-खो मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप मीच चालवतो. ग्रुपमध्ये दोनशे अकरा माणसं. त्यातल्या पळणाऱ्या पोरी बारा, बाकीचे सगळे घरी बसून त्यांना पळवणारे. मॅचच्या आधी कोण किती गुणांनी जिंकणार ह्यावर भाकितं, मॅच चालू असताना शिव्या आणि मॅच संपल्यावर "मी म्हणलोच होतो". मीही त्यातलाच आहे, स्वतःला वेगळं काढत नाही.

बंडप्पाचं भाकीत मात्र ग्रुपवर वेगळं मानलं जायचं, कारण ते कधी खरंच व्हायचं नाही. आपली पोरं उमरग्याला जिंकणार म्हणाला, पोरं पहिल्याच फेरीत घरी आली. अहमदाबादची वर्ल्ड कपची फायनल होती त्या सकाळी दहाला त्यानं लिहिलं, "आज कप आपलाच." संध्याकाळी काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. त्या सकाळी तेच वाक्य देशातल्या प्रत्येक माणसानं म्हटलं असेल, पण आमच्या गावात खापर फुटलं ते बंडप्पावर. मग पुढच्या वर्षीच्या फायनलला पोरांनी त्याला धरून बसवलं आणि वदवून घेतलं, "आफ्रिका जिंकणार." आफ्रिका हरली. झालं! त्या दिवसापासून प्रत्येक मोठ्या मॅचच्या आधी बंडप्पानं आपल्या टीमचा पराभव जाहीर करायचा, हा रिवाजच पडला. नारळ फोडल्यासारखं ते काम उरकायचं.

सगळे हसायचे. बंडप्पाही हसायचा. पण तो ते मनापासून खरं मानायला लागला होता, हे मला फार उशिरा कळलं. बायकोला ताप आला तर "उद्या उतरेल" असं तो म्हणायचा नाही. ज्याची मोटार नवी तार भरून दिली त्यानं विचारलं, "चालंल ना?" तर हा म्हणायचा, "बघा लावून." चांगलं बोलायची त्यानं धास्तीच घेतली होती.

त्याची मुलगी भुवनेश्वरी, भुवी, बारावीला आहे आणि आमच्या टीममध्ये खेळते. मागच्या वर्षी तिचा गुडघा दुखावला. आठ महिने मैदानाबाहेर होती. परत आली ती थोडी बिचकतच. तुळजापूरला भवानी चषकाच्या उपांत्य सामन्यात ती पस्तीस सेकंदात बाद झाली. टीम कशीबशी जिंकली, पण ग्रुपवर लोकांनी भुवीला सोडलं नाही. "हिला बसवा." "गुडघा घरी ठेवून आली काय?" "बापाच्या ओळखीवर खेळते." बंडप्पाची ओळख जळक्या मोटारी सोडून कुणाशी आहे, ते लिहिणाऱ्यालाच माहीत. मी ॲडमिन होतो. पुसून टाकायला हवं होतं. मी नुसतं वाचलं आणि जेवायला बसलो.

फायनल पुण्याच्या टीमशी होती, रविवारी. शनिवारी दुपारी मी मोबाईल घेऊन दुकानात गेलो.

"बंडप्पा, उद्याचं म्हणून टाका. व्हिडिओ काढतो."

त्यानं हात पुसले, ताठ बसला आणि शाळेतल्या पोरासारखं म्हटलं, "उद्या आपल्या पोरी हरणार. पुणं सात गुणांनी जिंकणार."

"आणि भुवीचं?"

त्यानं तारेचं वेटोळं उचललं. "तिचं नाव नगा घिऊ, सर."

"अहो, तिलाच तर गरज आहे," मी म्हणालो. "तुम्ही कमी बोलाल तेवढी ती जास्त पळेल." विज्ञानाचा मास्तर हे बोलला.

त्यानं हातातल्या तारेचं वेटोळं दोनदा फिरवलं. मग कॅमेऱ्याकडं न बघता म्हणाला, "भुवी अर्ध्या मिनिटात बाद."

मी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला. हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ग्रुपमधल्या पळणाऱ्या पोरींनीही तो बघितला. मुली तुळजापूरच्या लॉजवर उतरल्या होत्या.

रविवारी सकाळी मी मोटारसायकल घेऊन बंडप्पाला न्यायला गेलो, तर दारात त्याची बायको मल्लम्मा उभी. मला बघून तिनं पदर खोचला.

"सर, तुमी शिकलेली माणसं. पोरीला असं जगापुढं बाद करतेत व्हय? सकाळी फोन आलता तिचा. नाष्ट्याला बी गेली न्हाय."

"वहिनी, ती गंमत होती. भुवीला माहिताय की सगळं."

"तिला गंमत माहिताय. पण परवा ती खरंच अर्ध्या मिनिटात गेली, ते बी तिला माहिताय."

मी गाडीला किक मारली. बंडप्पा मान खाली घालून मागच्या सीटवर बसला.

नळदुर्ग ते तुळजापूर रस्ताभर तो गाडीवर चुळबुळत होता. एकदा डावीकडं कलायचा, एकदा उजवीकडं. उमरग्याकडून येणाऱ्या देवीच्या भक्तांच्या जीपा शेजारून जात होत्या आणि मला हँडल सांभाळणं मुश्किल झालं. शेवटी मी ओरडलो, "एका जागी बसा की हो!"

"तिनं इचारलं, सर," तो माझ्या कानात म्हणाला. "फोनवर. 'अप्पा, गंमत ऱ्हाऊ द्या. तुमाला खरं काय वाटतंय? म्या पळीन का न्हाय?' असं इचारलं."

"मग काय म्हणालात?"

"फोन ठिवला."

"का हो?"

"काय म्हणू? पळशील म्हणलं तर उलटं हुतंय. न्हाय म्हणलं तर पोरगी मोडती." मग माझ्या खांद्याला धरून तो म्हणाला, "मला तर वाटतंय ती दोन मिनटं पळंल. आठ म्हैनं तिच्या गुडघ्याला तेल चोळलंय म्या. त्यो गुडघा मला तिच्यापेक्षा जास्त म्हाईत हाय. पण म्हणायचं कसं?"

मी हसून घालवलं. मला तेव्हाच गाडी थांबवून त्याला म्हणता आलं असतं, की बंडप्पा, तुमच्या बोलण्यानं काहीही होत नाही, हा आमचा चावटपणा आहे. म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मलाही ती फायनल जिंकायची होती, आणि कुणी सांगावं, असं आत कुठंतरी वाटत होतंच.

मैदानावर गर्दी दाटली होती. आमच्या मुलींना आधी पळायचं होतं. भुवी पहिल्या तुकडीत. बंडप्पा मंडपाच्या मागं गेला आणि त्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. शिट्टी झाली. भुवी मधल्या रांगेतून दोनदा छान वळली, तिसऱ्यांदा खांबाजवळ पाय टाकताना बिचकली, आणि पुण्याच्या मुलीनं सूर मारून तिला टिपलं.

अठ्ठावीस सेकंद.

माझ्या खिशातला फोन थरथरायला लागला. "बंडप्पाचं भाकीत पहिल्यांदाच खरं!" "बापानं बरोबर ओळखलं पोरीला." "हिला आता तरी बसवा." मंडपामागून बंडप्पाचा आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?" एका पोरानं त्याला सांगितलं, "तुमचीच गेली. तुम्ही म्हणला तसंच." बंडप्पाच्या फेऱ्या थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. मंडपाच्या खांबापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, टाकीपासून खांबापर्यंत. मला ते बघवेना.

मध्यंतराला पुण्याचे सात, आमचे सहा. एका गुणाचाच काय तो फरक. आमची मंडळी बंडप्पाभोवती जमली. "पुन्हा म्हणा, काका. जोरात म्हणा, हरणार म्हणून! काल नीट म्हणला नाहीत तुम्ही."

तेवढ्यात भुवी दोरीपाशी आली. पाणी प्यायला आली असं दाखवत होती, पण बाटली हातात तशीच होती. डोळे लाल. सगळ्यांच्या डोक्यावरून ती बापाकडं बघत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "सकाळी फोन का ठिवला?"

बंडप्पा माणसं बाजूला सारत दोरीकडं निघाला. त्याचा चेहरा बघून मला कळलं तो काय बोलणार ते. आणि मी काय केलं? मी पुढं झालो आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. बावीस वर्षं पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणाऱ्या माणसानं, भर मैदानात, एका बापाच्या तोंडावर हात ठेवला. आजही तो हात मला माझा वाटत नाही.

बंडप्पानं तो हात मनगटाला धरून खाली केला. रागानं नाही, पण दुखलं.

"भुवे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तू दोन मिनटं पळशील. काल बी मला तसंच वाटत हुतं. खांबापाशी बिचकू नगंस, गुडघा पक्का हाय. तू पळशील अन् आपण जिंकणार."

मागं एकच ओरडा झाला. कुणी कपाळाला हात लावला, कुणी "संपलं" म्हणून खुर्ची उचलली. भुवी बाटली उघडून घटाघट पाणी प्यायली आणि आत गेली.

पुन्हा आमच्या मुली पळायला उतरल्या. भुवी परत पहिल्या तुकडीत. बंडप्पा ह्या वेळी मंडपामागं गेला नाही. दोरीला पोट टेकवून उभा राहिला, पापणी न हलवता. माझ्या फोनवर घड्याळ चालू होतं. तीस सेकंद झाले. पन्नास. भुवीच्या दोन्ही जोडीदारणी बाद झाल्या, ती राहिली. खांबाजवळ आली की ती त्याच गुडघ्यावर गर्रकन वळून उलट्या बाजूला निघायची. दीड मिनिट. ग्रुप गप्प पडला होता. दोन मिनिटं दहा सेकंदांनी ती बाद झाली, तेव्हा पुण्याच्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या.

पुण्याला त्या डावात पाचच गुण मिळाले. म्हणजे त्यांचे बारा. आमच्या मुलींना जिंकायला सात हवे होते. पाच झाले. सहाव्या गड्यामागं आमच्या कॅप्टननं खांबावर सूर मारला, बोटं वीतभर मागं राहिली आणि शिट्टी वाजली.

बारा-अकरा. एका गुणानं हरलो.

मग जे झालं ते सांगायलाही नको वाटतं. फोनवर, तोंडावर, सगळीकडं एकच. "बंडप्पानं घात केला." "जीभ आवरली नाही म्हाताऱ्याची." "काढा त्याला ग्रुपमधून." भुवीची दोन मिनिटं दहा सेकंद कुणाच्या तोंडी नव्हती. मी लिहायला घेतलं, की दोष कुणाचाच नाही, पुण्याच्या मुली चांगल्या खेळल्या. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. तोवर चाळीस नवे निरोप येऊन पडले होते.

बंडप्पा दोरीपाशीच होता. भुवी आली. मातीनं भरलेली, रडून रडून नाक लाल झालेली. मी दोन पावलं मागं सरकलो, पण ऐकू येत होतं.

"हरलो, अप्पा."

"व्हय."

"तुमी म्हणलात म्हणून."

मला वाटलं तो आता नाही म्हणेल. कुणीही बाप म्हणाला असता. बंडप्पानं मान हलवली. "व्हय. म्या म्हणलो म्हणून."

"तुमाला म्हाईत हुतं ना, उलटं हुतंय ते?"

"म्हाईत हुतं."

"मग? म्हणलात कशापायी?"

"चषकानं मला कुटं काय इचारलं हुतं?" बंडप्पा म्हणाला. "तू इचारलंतंस."

भुवीनं बाहीनं नाक पुसलं, दोरीखालून वाकून अलीकडं आली आणि त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबडी माती लागली.

"पुढल्या वर्षी बी म्हणा," ती म्हणाली. "पण हळू. माज्या कानात."