तेल लावायचा राहिलेला तवा

आई गेल्यापासून बंद असलेलं घर परवा उघडलं. इतके महिने बाबा आमच्याकडेच होते. स्वयंपाकघरात तांब्याची कळशी काळवंडली होती, लोखंडी तवा गंजून तांबडा झाला होता. शेजारचं ॲल्युमिनियमचं पातेलं मात्र जसंच्या तसं. बायको म्हणाली, "याला बघा, काही झालंच नाही!"

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला गप्प बसवेना. म्हटलं, अगं, ऑक्सिजन लोखंडापेक्षा ॲल्युमिनियमला लवकर धरतो. घासून लख्ख केलंस तरी क्षणात त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. फक्त तो इतका पातळ आणि इतका घट्ट असतो की दिसत नाही, आणि पुढे आत काही शिरू देत नाही. लोखंडाचा गंज भुसभुशीत. त्याचे पापुद्रे सुटत राहतात, हवा-पाणी आणखी खोल जातं, आणि आपल्याला तेवढंच दिसतं.

बोलता बोलता मी अडखळलो. आईच्या दिवसांत बाबांनी डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता. तेव्हा नातेवाईकही हेच म्हणाले होते, यांना काही झालंच नाही.

बाबांनी तवा उचलला, गंजावरून बोट फिरवलं.

"गावाला जाताना ती तव्याला तेल पुसून ठेवायची," ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले. "दवाखान्यात निघालो तेव्हा मी आठवण केली होती. म्हणाली, राहू दे, संध्याकाळी भाकऱ्या करायच्याच आहेत."