आप्पांचा ब्रेक

आप्पांचा उजवा पाय कधी स्वस्थ बसला नाही. शिरूरच्या त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक होता. तो दाबून दाबून पायाला अशी खोड लागली, की एसटीत प्रवासी म्हणून बसले तरी समोर ट्रक दिसताच आप्पा पायाखालचा पत्रा दाबायचे. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते 'ड्रायव्हर' म्हणत. मीही त्यांच्याकडेच गाडी शिकले; पुढे वैमानिक झाले, तरी माझी बढती झाली नाही.

"गाडी कवा चुकत न्हाई, ड्रायव्हर चुकतो," हे त्यांचं ठाम मत. शिकवायच्या मैदानाच्या फाटकाचा डावा खांब गाडी मागे घेताना आम्ही सगळेच घासायचो. मग आप्पा गरजायचे, "त्या खांबानं तुमचं काय घोडं मारलंय?"

विमान शिकताना मी सुट्टीत शिरूरला आले, तेव्हा त्यांना मुद्दाम डिवचलं. जुन्या काही विमानांत चाकांचा दांडा आणि पंखांच्या झडपांचा दांडा शेजारी शेजारी, दिसायला सारखे. उतरल्यावर झडपा मिटायला जावं, तर चुकीचा दांडा ओढला जाऊन चाकंच आत जायची आणि विमान पोटावर बसायचं. वैमानिकांना कितीही शिकवलं तरी तेच. शेवटी चाकांच्या दांड्याला चाकासारखी मूठ बसवली, आणि घोटाळा थांबला.

आप्पा खो खो हसले. "म्हंजी पायलट शाणा झाला न्हाई, दांडा शाणा झाला!"

पुढच्या सुट्टीत पाहते तर फाटकाचा खांब हातभर बाजूला सरकलेला. मी काही बोलायच्या आत आप्पाच म्हणाले, "शिकला एकदाचा खांब! पन तुझा दांडाच मोडला तर?"

"तेव्हा शिकवलेलंच कामाला येतं, आप्पा."

"मंग? आप्पा लागतोच की!" भांडण बरोबरीत सुटलं आणि त्यांनी खुशीत भेळ मागवली.

कॅप्टन म्हणून माझ्या पहिल्या उड्डाणाला मला आप्पा हवेच होते. ते तयार होईनात. "तिथं माझ्या पायाखाली काय?" एवढंच विचारायचे. माणूस चक्क घाबरला होता. ते आले नसते तर मला फार वाईट वाटलं असतं.

"आप्पा, आमच्यातही शेजारी दुसरा पायलट असतो. त्याच्याही पायाखाली ब्रेक असतो."

"म्हंजी आपलीच पद्धत! येतो मंग."

दिल्लीला उतरल्यावर मी विमानाच्या दारात उभी राहिले. सगळ्यांच्या मागून आप्पा लंगडत आले. उजव्या पायात गोळा आला होता.

"ड्रायव्हर, ब्रेक उशिरा लावलास. म्या दाबला म्हनून थांबलं बघ!"

मी सगळ्यांदेखत त्यांच्या पाया पडले. उजव्या पायाला जरा जास्तच वेळ हात लावला.

आता आप्पा नाहीत. मी नव्या वैमानिकांना शिकवते. शेजारचा विमान उतरवू लागला की माझे पाय ब्रेकजवळ तयार असतात, आणि तोंडातून निघून जातं, "सावकाश, ड्रायव्हर."