थोरल्या साडूंचा मणका

आमच्या थोरल्या साडूंच्या पाठीइतकी गाजलेली पाठ अख्ख्या नाशकात दुसरी नसेल. इंदिरानगरात त्यांच्या गल्लीत कोणालाही विचारा, त्यांचं नाव सांगताना तो अडखळेल, पण त्यांचा कितवा मणका दुखतो ते बिनचूक सांगेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरीला होते. सगळी हयात मीटरच्या काट्यांसमोर काढल्यामुळे काटा दाखवेल तेवढंच खरं आणि माणूस सांगतो ते सगळं तपासून घेण्यासारखं, असं त्यांचं मत झालं होतं. निवृत्त झाल्यावर बघायला काटे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःचे एमआरआय बघायला घेतले. फिल्मचा भलामोठा लिफाफा काखेत मारल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. एका साखरपुड्यात ऐन अंगठ्या घालायच्या वेळी हे महाशय मुलाकडच्या दोन वडीलधाऱ्यांना खिडकीशी घेऊन फिल्म उजेडात धरून उभे होते. चौथा आणि पाचवा मणका समजावून झाल्यावरच त्या बिचाऱ्यांची सुटका झाली.

त्यांच्याबरोबर रिक्षात बसणं ही शिक्षाच. रिक्षावाल्याला प्रत्येक खड्ड्याची सूचना पन्नास फुटांवरून मिळायची. एकदा तर द्वारका चौकाच्या ऐन गर्दीत त्यांनी रिक्षा थांबवायला लावली, खाली उतरले, खड्डा पायी ओलांडला आणि पलीकडे जाऊन हात दाखवत उभे राहिले. मागच्या बसवाल्याने हॉर्नवरचा हात काढला नाही. रिक्षावाला मला शांतपणे म्हणाला, "काका लय शिकलेले दिसतात." मी मान खाली घालून बसलो होतो.

उपाय सुचवणाऱ्यांची तर ते वाटच बघत. पेठ तालुक्यातून आणलेलं तेल, वाळूचा शेक, कमरेचा पट्टा, लाकडी फळीवर झोपणं, सगळं ते मनापासून करत आणि चार दिवसांनी सुचवणाऱ्याच्या घरी जाऊन ते कसं फसलं ते सविस्तर सांगत. यात त्यांना होणारा आनंद लपत नसे. आम्ही घर बदललं तेव्हा ते सकाळी सगळ्यांच्या आधी हजर झाले, एक ताठ पाठीची खुर्ची निवडली आणि दिवसभर तिच्यात बसून कपाट कसं उचलावं हे आम्हाला सांगत राहिले. कपाट मी उचललं. त्या दिवसापासून नातेवाइकांत मी उघड म्हणू लागलो, की या माणसाला मणक्याचा आजार नाही, कामचुकारपणाचा आहे. लोक हसायचे. मलाही बरं वाटायचं.

मग एका सकाळी ताईंचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा, फोन आला. साडू न्हाणीघरातून बाहेर येताना पडले होते. उजव्या पायाने साथच दिली नाही म्हणे. नवा एमआरआय काढला आणि आम्ही तिघं सर्जनसमोर बसलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पडद्यावर चित्र आणलं आणि बोट ठेवून दाखवलं. एक मणका खालच्या मणक्यावरून पुढे सरकला होता आणि पायाकडे जाणारी नस त्याच्याखाली दाबली गेली होती. मला वैद्यकातलं काही कळत नाही, पण ते मलाही दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, पायाला बधिरपणा कधीपासून आहे? ज्या माणसाने आपल्या पाठीचं पुराण शहरभर सांगितलं होतं, तो खाली बघत हळूच म्हणाला, "चार वर्षं होतील."

ताईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. कोणालाच नव्हतं.

दोन्ही मणके स्क्रू आणि सळ्यांनी एकमेकांना जोडायचे ठरले. त्यावर साडूंनी जी उलटतपासणी घेतली, ती ऐकून जुने साडू परत आल्यासारखं मला हायसं वाटलं. स्क्रू नसेत गेला तर? डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशनच्या टेबलावरच स्कॅन काढतात, हाडाला एक खूण बसवतात, आणि मग हातातलं हत्यार हाडात कुठवर गेलंय ते पडद्यावर दिसत राहतं. साडूंनी विचारलं, मशीन शेवटचं कधी तपासलं? तपासणाऱ्याची सही कुठे आहे? डॉक्टरांनी खरंच नोंदवही मागवली. साडूंची ती वाचून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "काका, मशीन जागा दाखवतं. स्क्रू मलाच बसवायचाय. आणि सगळं दुखणं जाईल, असं मी म्हणणार नाही. पाय वाचवायला बघू." साडू बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, चालेल.

ऑपरेशनच्या दिवशी स्ट्रेचर आत नेताना त्यांनी माझं मनगट धरलं. "साडूभाऊ, शुद्धीवर आलो की पाय हलवायला सांगतील. तेव्हा तुम्ही उभे राहा. हिला नका आणू. नाही हलला तर हिचं तोंड बघवणार नाही मला."

बाहेर ताई जपमाळ न ओढता नुसती हातात धरून बसल्या होत्या. मी त्यांच्याशी काहीबाही बोलत होतो आणि कपाटाचा किस्सा मी किती ठिकाणी सांगितला, ते मनात मोजत होतो.

दुपारी मला आत बोलावलं. नर्सने चादर बाजूला केली आणि उजवा पाय हलवायला सांगितलं. काही झालं नाही. तिने पुन्हा सांगितलं. मग अंगठा हलला, आणि त्याच्यामागून सगळं पाऊल सावकाश वर आलं. साडूंचे डोळे अर्धवट मिटलेले होते.

"हलला का?"

"हलला."

फिल्म मागितली नाही, डॉक्टरांना विचारलं नाही. माझ्या एका शब्दावर त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता ते काठी न घेता चालतात. पाठ थोडी दुखते, पण कोणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणून विषय बदलतात. लिफाफा कपाटावर गेला. घरी गेलं की चहा होतो, पाऊसपाण्याच्या गप्पा होतात, आणि दहा मिनिटांत बोलणं संपतं. त्या कंटाळवाण्या व्याख्यानाची इतकी सवय झाली असेल, असं वाटलं नव्हतं. परवा निघताना मी नको नको म्हणत असताना ते फाटकापर्यंत सोडायला आले. स्कूटर कोपऱ्यावर वळवताना मी आरशात बघितलं. ते तिथेच होते, कशालाही न टेकता. बोलायला कोणी नव्हतं, कोणाची वाटही बघत नव्हते. नुसते उभे होते.